पाठीची माती

आकाराम वस्तादांनी मुलाचा डावा कान दोन बोटांत धरला, चोळून पाहिला आणि सोडून दिला. मग उजवा धरला. दोन्ही कान चांगले मोडलेले होते, गाठी झालेले, पैलवानाला शोभतील असे. धैर्यशील पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला, दोन लेकरांचा बाप; पण पडवीत बापासमोर तो शाळकरी पोरासारखा मान खाली घालून बसला होता.

"तालमीतनं गेलास तवा डावाच मोडल्याला. ह्यो उजवा कुठं मोडला?"

"खेळात, आबा. डोक्याला डोकं लावून रेटायचं असतं."

चेंडूच्या खेळात कान मोडतो, हे वस्तादांनी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांनी पुन्हा एकदा उजवा कान चाचपला.

कडेगावजवळच्या त्या वाडीत रग्बी हे नाव नीट कुणाला उच्चारता येत नव्हतं. मिसरूड फुटायच्या वयात धैर्यशील भरती झाला, तिथल्या साहेबानं त्याची मान पाहिली आणि त्याला रग्बीच्या संघात पुढच्या रांगेत उभं केलं. पलटणीतली सगळी वर्षं तो तिथेच रेटत राहिला. गेल्या वर्षी कलकत्त्याला विलायतेचा एक संघ खेळायला आला होता. त्यांच्या प्रशिक्षकानं ह्याचं रेटणं हेरलं आणि आता त्याला दोन वर्षांसाठी बोलावणं धाडलं होतं, चांगल्या पगारावर. त्या खेळात पगार मिळू लागला होता तोच मुळी एक-दोन वर्षांमागे. धैर्यशीलनं घरात पाय ठेवल्या ठेवल्या सांगून टाकलं होतं की आबा हो म्हणाले तरच जाईन.

आणि आबा तर त्याच्या परतण्याचीच वाट बघत होते. तालमीत आता पोरं फारशी येत नसत, तरी हौद्यातली तांबडी माती त्यांनी मरू दिली नव्हती. ताक, तेल, हळद घालून ती ते स्वतः खोऱ्यानं उलटीपालटी करत. पोरगा आला की तालीम त्याच्या हाती द्यायची, एवढाच त्यांचा पुढचा बेत होता. तेव्हा नाही म्हणणं सोपं होतं. पण त्या उजव्या कानानं घोटाळा केला. हा खेळ तरी काय आहे, ते एकदा बघू, असं त्यांच्या मनानं घेतलं.

धैर्यशीलनं सामन्याची कॅसेट आणलीच होती. विट्याहून व्हिडिओ भाड्यानं आला आणि सकाळची जेवणं उरकून अर्धी वाडी पडवीत येऊन बसली. वस्तादांचा तरुणपणचा जोडीदार गुंडा सगळ्यांच्या पुढे होता.

सुरुवातीला आठ गडी एकमेकांना कव घालून खाली वाकले, समोरून तसेच आठ आले आणि दोन्हीकडची डोकी एकमेकांत घुसली. वस्ताद पुढे सरकले. "पाय रोव," ते टीव्हीला म्हणाले. गुंडानंही मान डोलावली. मग चेंडू धैर्यशीलच्या हातात आला, तो चार ढांगा पळाला, दोघांनी त्याच्या मांड्या धरल्या आणि तो पाठीवर सपशेल आडवा झाला.

"गेली कुस्ती," गुंडा पुटपुटला.

पण कुस्ती एकदा जाऊन भागलं नाही. धैर्यशील उठला, पळाला, पुन्हा पडला. वरून माणसं तुडवून गेली, तो उठला आणि परत पडला. पडवीतली माणसं भिंतीकडे बघायला लागली. एकेकाला जनावरांना पाणी दाखवायची आठवण झाली. गुंडा खाली बघतच उठून गेला, आणि तेच वस्तादांना जास्त लागलं. मैदानात त्यांच्या पाठीला कधी कुणी माती लावली नव्हती, हे विट्यापासून पलूसपर्यंत लोक अजून सांगत. सरावातसुद्धा पठ्ठे त्यांना गुडघ्यापर्यंतच आणत, पुढं कुणी जात नसे.

धैर्यशील व्हिडिओ बंद करायला उठला.

"ऱ्हाऊ दे. मागं घे."

त्यांनी तोच तुकडा पुन्हापुन्हा पाहिला. आता ते पोराकडे बघत नव्हते, त्याच्या मागून येणाऱ्या गड्यांकडे बघत होते. आपला माणूस चितपट झाला तरी हे हसत पुढे पळतात कसे, हे त्यांना उलगडत नव्हतं. धैर्यशीलनं समजावलं, की आडवं होताना चेंडू आपल्या माणसांच्या बाजूला ठेवायचा, तेवढंच आपलं काम. आपल्याला पाडायला त्यांचे दोघं-तिघं गुंततात, मग आपल्या गड्यांना पुढे मोकळं रान मिळतं.

"आन नाव कुणाचं हुतं?"

"जो पळतो त्येचं."

"आन तू? इतकी वर्सं ह्येच केलंस?"

"व्हय, आबा. ह्येच येतं मला. चांगलं येतं."

कोपऱ्यात पडलेला पोराचा कोहळ्यासारखा चेंडू वस्तादांनी उचलला आणि चल म्हणून खूण केली.

दुपारची तालीम रिकामी होती. वस्तादांनी सदरा काढून खुंटीला लावला, हौद्यातली चिमूटभर माती कपाळाला लावली आणि चेंडू काखेत धरून मधोमध उभे राहिले.

"पाड मला."

धैर्यशील काठावरच थांबला. "आबा, तुमाला न्हाई पाडायचा मी."

"तिकडं परक्या माणसात रोज पडणार, आन बापाला दावाय लाजतुयास? उतर खाली."

तो उतरला. म्हाताऱ्याच्या मांड्यांना त्यानं कव घातली आणि झोपलेलं लेकरू खाली ठेवावं तसं त्यांना आडवं केलं. तांबडी माती पाठीला गार लागली. एवढी वर्षं ह्या तालमीत घालवली, पण तिचं आढं वस्तादांनी असं कधी पाहिलं नव्हतं. एका वाशाला चिमण्यांनी घरटं केलं होतं. त्यांना भीती होती तसं काही वाटलं नाही. थोडं हसू मात्र आलं. मग त्यांनी दोन्ही हात लांब करून चेंडू डोक्यामागे ठेवला.

"असा?"

"असाच, आबा." धैर्यशीलनं हात देऊन त्यांना उठवलं.

बाहेर पडताना तो बापाची पाठ झाडायला पुढे झाला. वस्तादांनी त्याचा हात बाजूला केला, सदरा खांद्यावर टाकला आणि भर वाटेनं घराकडे निघाले. पारावर गुंडा आणि चार-दोन म्हातारे बसले होते. वस्ताद पुढे गेले आणि त्यांची पाठ सगळ्यांना दिसली.

"वस्ताद," गुंडा उठून उभा राहिला, "पाठीला माती लागलीया."

"ठावं हाय," वस्ताद चालता चालता म्हणाले.

घरी येऊन त्यांनी सुनेला, शिवांजलीला हाक मारली. ट्रंकेत आपला जुना लोकरीचा कोट आहे, तो धैर्यशीलसाठी उन्हात टाक म्हणून तिला सांगितलं. तिकडं लय गारठा असतो म्हणे. मग ते पाठ तशीच ठेवून पडवीत बसले.