गंगम्माच्या लाळेतला मी

मी गंगम्माच्या लाळेतला जनुक बोलतोय. लाळेत एक प्रथिन असतं, ते दातांचा चुना राखतं. ते कसं घडवायचं, हे माझ्यात लिहिलेलं आहे.

पेडगावची गंगम्मा ऐंशीची झाली तरी फुटाणे कडाकडा खायची. म्हणून परभणीच्या प्रयोगशाळेतली मनिषा तिच्याकडे गेली. गंगम्मानं हसत नळीत लाळ दिली, रक्तही दिलं.

मनिषानं मला वेगळं काढून जिवाणूंच्या पोटात ठेवलं. दर वीस मिनिटांनी एकाचे दोन, दोनाचे चार. सकाळी स्वच्छ असलेलं पाणी संध्याकाळी गढूळ झालं. त्या गढूळपणात सगळीकडे मीच होतो. मूळचा कोणता, मलाही कळेना.

मग तिनं माझी जागा शोधली. गंगम्माच्या पेशी काचेवर पसरल्या, माझ्यासारखाच एक चमकता तुकडा त्यांच्यावर सोडला. काळोख्या पडद्यावर चौथ्या गुणसूत्राच्या जोडीवर दोन ठिपके उजळले. कोणी टक लावून पाहावं तसे. मनिषानं खुर्ची मागे घेतली.

आनंदाची बातमी सांगायला ती पेडगावला गेली, तर गंगम्माला जाऊन दोन महिने झालेले. घरच्यांसमोर मनिषा बोलून गेली, "त्यांचा अंश आमच्याकडे रोज वाढतोय."

दुसऱ्याच दिवशी मुलगा शिवकांत प्रयोगशाळेत हजर. त्यानं गढूळ बाटली उजेडात धरली.

"हे जित्तं हाय?"

"जिवाणू जिवंत आहेत. आई नाहीत त्यात."

"मग मायचं काय वाढायलंय ह्यात? आमी लिंगायत, तिला हातात इष्टलिंग देऊन, बसवून पुरलं म्याडम. आख्खी पुरली असं समजून घरी आलो. आता जेवण जाईना."

मनिषानं जिवाणू मारायला बाटली वाफेत शिजवली, निवू दिली, त्याच्या हातात ठेवली.

"सगळी हाय ना ह्यात?"

तिची नजर शीतपेटीकडे गेली. "हो," ती म्हणाली.

शिवकांतनं ती बाटली मायच्या शेजारी पुरली, असं ऐकलं.

मी इथं शीतपेटीत आहे. उणे ऐंशी अंशांत, अकरा नळ्यांमध्ये. उद्या यातली एक दूरच्या शहरात जाणार आहे. तिथं मला पुन्हा वाढवतील. तोंड नसेल, जीभ नसेल, तरी गंगम्माच्या लाळेतलं ते प्रथिन तयार होत राहील.

मनिषा, ती नळी पाठवायचा डबा बंद करण्याआधी एकदा पेडगावला जा. शिवकांतला सांग, मायला पोचवायचं अजून राहिलंय.