मातीच्या मेंदूवर बोट

डॉ. दस्तूरबाईंचा वर्ग म्हटला की पंडित धास्तावायचा. साल १९७३. सुरतच्या सरकारी इस्पितळात मनोविकार शिकायला लागून त्याला सहा महिने झाले होते. बाईंची रीत वेगळी. शिकणाऱ्यानं तासभर एका रुग्णाजवळ बसायचं, मग वर्गात येऊन तो रुग्ण व्हायचं, त्याच्यासारखं चालायचं, बोलायचं. बाकीच्यांनी टेबलावरच्या मातीच्या मेंदूवर बोट ठेवून बिघाड कुठे ते सांगायचं.

आज त्याच्या वाट्याला धुडकू आला, शहरालगतच्या गोडादऱ्याचा यंत्रमाग कामगार. अखंड बडबडायचा, सांगितलेलं ऐकायचा नाही. दुपारी बाराला त्याला शॉक द्यायचा होता. केसपेपरवर ‘असंबद्ध बडबड, वेड’ हे अक्षर पंडितचंच, दारात उभ्या उभ्या खरडलेलं. "खानदेशी बोली असेल, आपल्याला काय कळणार," असं सोबतचा मगन तेव्हा म्हणाला, तर पंडित गप्प राहिला. आपल्या घरात अहिराणीच बोलतात हे त्यानं इथे लपवलं होतं.

तो खाटेशी बसला. धुडकू हसून म्हणाला, "कांदा पिरमा वाटना, तठे गाडं खिरकनं ना भो!"

पंडित चपापला. हेल अहिराणीचा होता, शब्दांचा मात्र काही मेळ लागत नव्हता, काही तर कुठल्याच भाषेतले नव्हते.

"दादा, डोया मिट."

धुडकू नुसता बघत राहिला. पंडितनं स्वतःचे डोळे मिटून दाखवले, तसे त्यानंही लगेच मिटले. माणूस शहाणा होता. कानावर पडलेल्या शब्दांचा अर्थ तेवढा लागत नव्हता.

"ताई, यास्ले मार लागना व्हता का?" त्यानं पायथ्याशी बसलेल्या शोभाबाईला, धुडकूच्या बायकोला विचारलं.

"मागना मईनामा धोटा उडना ना भाऊ, डावा कानवर बसना. मी सांगं, पन कोन्ही आयकंच नही!"

मागावर सूत घेऊन धावणारा तो जड लाकडी धोटा किती जोरात उडतो, हे त्याला ठाऊक होतं.

वर्गात तो धुडकू झाला तेव्हा आधी सगळे हसले. मगननं नाव विचारलं, त्यानं हसत भलतंच काही सांगितलं. "ऊठ" म्हटलं, उठला नाही. हातानं खूण केली, उठला. हसणं थांबलं. मगनचं बोट मातीच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, कानामागच्या भागावर गेलं.

"बरोबर, बोलणं समजतं ती हीच जागा," बाई म्हणाल्या. "मग वेड कुणी लिहिलं?"

"मी." पंडितनं केसपेपर पुढे केला. "बोली माझीच आहे, बाई. मी बोललो नाही. गेल्या महिन्यात त्याच्या डाव्या कानावर धोटा बसलाय."

बाईंनी घड्याळ पाहिलं. बाराला दहा कमी. "रागवेन नंतर. डोक्यात रक्त साकळलं असेल तर शॉकनं जीव जाईल त्याचा. आधी पळ!"

धुडकूला टेबलावर घेतलेलं होतं. कपाळाला पट्टा बांधत असलेली नर्स शॉक थांबवायला वरिष्ठांची चिठ्ठी मागू लागली. पंडित पट्टा घट्ट धरून उभा राहिला, बाई धापा टाकत पोचेपर्यंत.

मुंबईत शस्त्रक्रिया झाली, डोक्यात साकळलेलं रक्त निघालं. दोन महिन्यांनी धुडकू परतला तो बायकोला नावानं हाक मारत. काही शब्द मात्र गेले ते गेलेच.

सगळ्यांनी पंडितची पाठ थोपटली. त्याला मात्र झोप लागेना. पुढच्या सोमवारी त्यानं कपाटातून आपल्या हातचे सगळे केसपेपर काढले आणि ‘असंबद्ध’ हा शब्द शोधायला बसला.