तेरा टोले

या मित्रांनो, जवळ सरका. माझा आवाज आता फाटका झाला आहे, लांबून नीट ऐकू येणार नाही. पण गोष्ट अशी सांगीन की घरी जाईपर्यंत कानात घुमत राहील.

मी एक जुनी घंटा आहे. अलाबामातल्या एका लाकडी चर्चसाठी मला ओतले. तिथले पाद्री, रेव्हरंड पूल, प्रवचन करता करता गाऊ लागत, बायामाणसे टाळ्यांचा ठेका धरत, आणि देव जणू छपरावर येऊन बसे. क्षमेचे प्रवचन तर मला तोंडपाठ होते. पुढे चर्चने मला हेब्रॉन कॉलेजच्या फुटबॉल संघाला दिले. हा फुटबॉल लांबट चेंडू छातीशी धरून धावायचा. शेजारच्या टॅलिसन कॉलेजशी रीत ठरली होती: जो जिंकेल त्याच्याकडे मी वर्षभर राहायचे, आणि मैदानावरच जितके गुण तितके टोले पडायचे. बरोबरी झाली तर मी होते तिथेच.

एका वर्षी टॅलिसन जिंकले. मी त्यांच्या प्रशिक्षकाच्या, गॅडीच्या कचेरीत गेले. तेवढे मी सोसले असते. पण त्याच कचेरीत कॉलेजांच्या संघटनेची बैठक भरली.

"हेब्रॉनचा तो ल्युशियस टार्व्हर विद्यार्थी नाहीच," गॅडी म्हणाला. "गिरणीतला मजूर पकडून आणलाय त्यांनी!"

ल्युशियस रात्री गिरणीत राबून दिवसा वर्गात बसे. हेब्रॉनने त्याचे हजेरीपट पाठवले होते. गॅडीने ते माझ्या डोळ्यांदेखत खणात सारले. भराभर हात वर झाले आणि हेब्रॉनला संघटनेबाहेर काढले. मित्रांनो, त्या दिवशी माझ्या पोटात जे पेटले, ते विझले नाही.

तो हंगाम हेब्रॉन संघटनेविना एकटेच खेळले; हे मी पुढे पोरांच्या तोंडून ऐकले. त्यांच्या मैदानावर यायला कुणी तयार नव्हते, म्हणून जुन्या बसने तेच राज्याराज्यांतून फिरले. वाटेतल्या गोऱ्यांच्या हॉटेलांत या काळ्या पोरांना कुणी बसू देत नसे. संघाचे कपडे धुणाऱ्या ओडेसाबाई बुटांच्या खोक्यांत तळलेली कोंबडी आणि रताळ्याचे गोड पक्वान्न भरून घेत. चाकाची हवा गेली की लोखंडी पहार घेऊन आधी त्याच खाली उतरत. आठ सामने झाले, पाच हरले. प्रत्येक निकाल गॅडी मोठ्याने वाचून दाखवी.

मग त्याच्याच संघाचा एक शनिवार सामन्याविना रिकामा पडला. त्याने हेब्रॉनला फोन केला, "या, हरायला या!"

सामन्याच्या सकाळी त्याने माझा लोलक काढून खणात टाकला. "बाहेरच्यांसाठी ही वाजत नसते," म्हणाला. मला मुकी करून मैदानाकडेला टांगले.

शेवटच्या मिनिटाला हेब्रॉन तेरा, टॅलिसन बारा. टॅलिसनची बरोबरी साधणारी एका गुणाची लाथ तेवढी बाकी होती. चेंडू उडाला, ल्युशियस झेपावला, आणि चेंडू त्याच्या पंजावर आपटून मातीत पडला!

"लोलक हरवलाय हो," गॅडी खांदे उडवत म्हणाला. "टोले राहू द्या."

ओडेसाबाई बसमधून पहार घेऊन आल्या. "हरवला तुमच्याकडे, तर वाजवायचीही तुम्हीच. आणि टोल्यागणिक म्हणायचं, ल्युशियस टार्व्हर, विद्यार्थी."

"बाई, थट्टा पुरे!"

"पोराचं नाव चिखलात घातलंत, तेव्हा थट्टा वाटली नाही?"

गॅडीने आपल्या प्राचार्यांकडे पाहिले. म्हातारे पहिल्या रांगेत होते. "रीत पाळा, गॅडी," ते म्हणाले. "आणि मोठ्यानं. मला कमी ऐकू येतं."

गॅडीने पहार घेतली. पहिला टोला पडला. "ल्युशियस टार्व्हर, विद्यार्थी." पाचव्याला टॅलिसनचीच पोरे मोजू लागली. दहाव्याला त्याचा आवाज चिरकला.

"ऐकू आलं नाही साहेब, नाव पुन्हा!" ओडेसाबाई म्हणाल्या.

ल्युशियस हेल्मेट काखेत धरून उभा होता. आपले नाव ऐकताना त्याच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होते. क्षमेचे प्रवचन पाठ असूनही मला त्यातला एक शब्द आठवला नाही. देवा, तुझ्यापुढे खोटे कशाला बोलू? तेराव्या टोल्याला मी तडकले, आणि त्याच टोल्याला सर्वांत गोड वाजले.

आता मी हेब्रॉनच्या जिन्याखाली आहे. वर्षानुवर्षे कुणी हात लावत नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू पुसत जा, त्यांनी बरेच पाहिलेले असते. मला पुसाल तेव्हा तो तडा मात्र बुजवू नका. तिथे बोट ठेवा, आणि पहार घेऊन आधी खाली उतरणाऱ्या ओडेसाबाईंची आठवण काढा.