एका हाताने न उघडणारं फाटक

मी फाटक बोलतोय. वाड्याबिड्याचं नव्हे हो! कमरेएवढं, पांढऱ्या गजांचं, रांगतं पोर स्वयंपाकघरात घुसू नये म्हणून चौकटीत बसवतात तसलं. इंग्लंडात, हॅलिफॅक्सच्या चढावरच्या एका दगडी घरात क्लाइव्हने मला पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये बसवलं. चारही स्क्रू असे आवळले की मला हूं की चूं करता येईना.

माझा खटका मोठा खाष्ट. एका हाताने कळ दाबायची, दुसऱ्याने मला उचलायचं, तेव्हा कुठे मी उघडणार. पण मोठ्या माणसांचे दोन्ही हात मोकळे असतात का कधी? पहिल्याच आठवड्यात क्लाइव्ह "मरो ते!" म्हणत टांग टाकून पलीकडे गेला. मग त्याची बायको लिनेटही तसंच करायला लागली, कधी चहाचा कप घेऊन, कधी कपड्यांची टोपली घेऊन. दोन वर्षं माझ्यावरून नुसत्या तंगड्या गेल्या. उघडायचंच नाही तर मला फाटक तरी कशाला म्हणायचं? फार जिवाला लागायचं.

लिनेट बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. त्यांची छोटी लेक एल्सी दिवसभर दुसरीकडच्या पाळणाघरात; तिथल्या बाईंना ती "मावशी" म्हणायची. एकदा एल्सीने घरी येऊन तिलाच "मावशी" अशी हाक मारली. लिनेट माझ्यावर हात टेकून कितीतरी वेळ रडली आणि तिने ठरवलं, घरातच पाळणाघर काढायचं, रीतसर नोंदणी करून.

मग काय, प्रथमोपचाराचा वर्ग, फॉर्मांचा ढीग आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची पोलिसांकडून पडताळणी.

"माझ्याच घरात राहायला मी चांगला माणूस असल्याचा दाखला आणू?" क्लाइव्ह कुरकुरला.

"आण की! मलाही कळू दे एकदा," लिनेट म्हणाली.

गल्लीतल्या दोघी आयांनी पोरं ठेवायचं कबूल केलं, तशी लिनेट नोकरी सोडून मोकळी झाली. जरा घाईच केली तिने. नोंदणीआधी घर तपासायला येणाऱ्या सरकारी बाई 'नाही' म्हणाल्या तर पुन्हा बिस्किटं आणि एल्सी पुन्हा परक्याकडे.

त्या बाईंचं नाव मिसेस पॉम्फ्रेट. त्यांनी कपाटांची कुलुपं ओढून पाहिली, औषधांची पेटी पाहिली, धुराचा भोंगा वाजवून पाहिला. सगळं ठाकठीक. लिनेटच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

"आता समजा, पुढच्या दाराशी आग लागलीय," बाई म्हणाल्या. "मागच्या दाराने पोरं बाहेर काढून दाखवा. ही बाहुली म्हणजे तान्हं बाळ."

लिनेटने बाहुली काखेत मारली, एल्सीचा हात धरला आणि घाईघाईने... अहो, टांग टाकली! सवय हो, दुसरं काय! बाहुलीसकट ती स्वयंपाकघरात आणि एल्सी अलीकडे, माझे गज धरून.

"मम्मी, मी?"

लिनेट वळली. एका हाताने कळ दाबायला लागली. दाबतेय, ओढतेय, दाबतेय. मीही जीव खाऊन सुटायला बघत होतो, पण मला बनवलंच तसं नव्हतं. एल्सीने भोकाड पसरलं. लिनेटच्या हातून बाहुली खाली पडली.

"मिसेस अ‍ॅकरॉइड, धूर थांबत नाही हो," बाई लिनेटला हळूच म्हणाल्या. "हे इथे असेपर्यंत मला होकार देता येणार नाही."

त्या गेल्यावर लिनेटने पाना आणला आणि नखं तुटेपर्यंत मला सोडवलं. एका हाताने उघडणारं नवं फाटक आलं. त्याचा फोटो बाईंना गेला, आणि तिसऱ्या आठवड्यात लिनेट मंजुरीचं पत्र हातात घेऊन मागच्या अंगणात नाचत होती.

मी हे परसातल्या खोपट्याच्या फटीतून पाहिलं. गवत कापायच्या यंत्राखाली मी अडकून पडलोय, दाराला कुलूप. दिवसभर चार पोरांचा कालवा कानावर येतो.

काल शेजारची फिओना मला मागायला आली होती. तिला बाळ व्हायचंय.

"फुकट देतोय, घेऊन जा!" क्लाइव्ह म्हणाला. "नवंकोरं आहे, कुणी उघडलंच नाही कधी!"

"मुळीच नाही," लिनेट म्हणाली. "तिच्याही काखेत बाळ असणार, क्लाइव्ह. शनिवारी हे भंगारात जाईल."

मला वाचवा असं मी म्हणणार नाही. ती बरोबर बोलली. एवढंच सांगतो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर पोर कडेवर घेऊन आज त्याला एकदा एका हाताने उघडून बघा. नाही उघडला, तर त्याची दयामाया करू नका.