गोबरगॅसचं विरजण

तिला सगळे लखलखकाकू म्हणत. हिच्या घरात माशीसुद्धा पाय पुसून शिरते, असं गल्लीत बोललं जायचं, आणि काकूला त्यात टोमणा कधी दिसलाच नाही. उलट बरंच वाटायचं.

अशा बाईच्या गोठ्यामागे गोबरगॅस होता, आणि त्यावर तिची सून बालवाडीतल्या पोरांचं जेवण शिजवायची. शेण टाकीत जायचं, गॅस शेगडीला यायचा आणि उरलेली स्लरी, म्हणजे गॅस निघून गेलेलं पातळ शेण, वाफ्यांना. त्याच वाफ्यांतला पालक पोरांच्या ताटात पडायचा. सुनेची छाती मुळातच नाजूक. लग्नानंतरचे दिवस तिने चुलीपुढे खोकत काढले होते. गॅस आला आणि खोकला गेला. सकाळी ती निळी ज्योत दिसली की काकू मनातल्या मनात हात जोडायची.

मग शेजारच्या गावातली मंडळी हा गोबरगॅस बघायला येणार, असं कळलं. झालं! काकूच्या अंगात वारं शिरलं. फिनेलचा अर्धाअधिक कॅन ओतून तिने गोठा घासला, शेण कालवायची कुंडी घासली, आणि ते सगळं पाणी उताराने टाकीत गेलं. पाहुणे आले, "वासच नाही हो!" म्हणाले आणि चहा पिऊन गेले. पुढच्या काही दिवसांत ज्योत पिवळी पडली, फुरफुरली आणि विझली.

सून निमूटपणे पुन्हा चुलीपुढे बसली. तिच्या खोकल्याचा आवाज अंगणापर्यंत यायला लागला, जेवणाला उशीर व्हायला लागला. बालवाडीच्या बाई भल्या होत्या, पण त्यांनीही सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत बघते. नाहीतर काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल." सून एका शब्दाने काकूला बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं काकूला वाटलं.

टाकी बांधणारा गवंडी आला. त्याने झाकण उघडलं, वास घेतला आणि कपाळावर हात मारला.

"काकू, टाकी म्हणजे पोट. आतले जंतू शेण पचवतात म्हणून गॅस होतो. तुम्ही त्यांनाच फिनेल पाजलंत!"

"मग आता?"

"दही बिघडलं तर काय करता? नवं विरजण लावता ना? टाकी उपसा, ताजं शेण भरा आणि दुसऱ्या चालू टाकीतली स्लरी घाला."

"आणि ती कुठून आणू?"

गवंड्याने गल्लीच्या टोकाकडे बोट दाखवलं. काकूचा चेहरा उतरला.

तिथे तिची धाकटी जाऊ राहायची. गावात पहिला गोबरगॅस जावेनेच बांधला होता. तेव्हा काकू पदर नाकाला लावून चार बायकांत म्हणाली होती, "शेणाच्या गॅसवरचा चहा? मी नाही बाई पिणार!" पुढे स्वतःच्या घरी गॅस आला, पण ते वाक्य परत घ्यायला ती कधी गेली नाही. त्या दिवसापासून जावेच्या उंबऱ्याला तिचा पाय लागला नव्हता.

'अडला हरी, गाढवाचे पाय धरी,' असं पुटपुटत तिने बादली उचलली. अर्ध्या वाटेत तिची तिलाच लाज वाटली. गाढव कोण, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

जाऊ दारातच होती. काकूने सगळं सांगितलं, फिनेलसकट. जाऊ पोट धरून हसली. मग बादलीकडे बघून म्हणाली, "जाऊबाई, एवढ्याशाने काय होणार? पिंपं भरून हातगाडीवरून पाठवते. पण आधी आत या. चहा ठेवते."

शेगडीवर निळी ज्योत पेटली. काकूने कप दोन्ही हातांत धरला आणि शेवटच्या थेंबापर्यंत चहा प्यायला.

टाकी उपसायला सून, मुलगा, गवंडी सगळेच लागले, आणि लखलखकाकू कोपरापर्यंत शेणात! गल्लीतले लोक मुद्दाम बघून गेले. मग नुसती वाट बघणं. महिना सरत आला तेव्हा एका सकाळी सुनेने काडी ओढली आणि ओरडली, "आई, लवकर या!"

ज्योत लहानशीच होती, पण निळी होती. काकूचे डोळे भरून आले.

"पहिलं काय ठेवू? भात?"

"भात ठेवच गं. पण आधी चहा. किटलीत भरून दे."

गरम किटली पदरात धरून ती गल्लीच्या टोकाला गेली. तिने स्वतःच जावेच्या कपात चहा ओतला.

"तुझे उपकार झाले गं. पोरांच्या जेवणाचं काम टिकलं, सुनेची छाती वाचली. मी मात्र तेव्हा तुला चार बायकांत..."

"विरजणाचे कुणी उपकार मानतं का?" जाऊ म्हणाली. "उद्या माझी टाकी बसली तर तुमच्याकडूनच नेईन." तिने घोट घेतला आणि भुवया उंचावल्या. "फक्त तोवर फिनेलचा कॅन माझ्याकडे ठेवा."

काकूने कॅन त्याच दुपारी नेऊन दिला.