सत्त्याऐंशी नंबरचा फॉर्म

पौर्णिमाला शंभर फॉर्म भरून आणायचे होते. वाशीमच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मानसशास्त्र घेतलेल्यांत तिच्याइतकं नेटकं काम करणारं दुसरं कोणी नाही, असं राखी मॅडमचं मत होतं. आणि नेटकं काम करणाऱ्याच्या वाट्याला जास्त काम येतं, हे तिला घरी, आसेगावात, आईकडे पाहूनच कळलेलं होतं. विषय होता ‘समाजमाध्यमांचा वापर आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे स्वास्थ्य’. मॅडमना त्यावर चर्चासत्रात पेपर वाचायचा होता. लिंक पाठवायची नाही, कागदच वाटायचे, नाव लिहायचं नाही, असा त्यांचा आग्रह. फोनवर माणूस खोटं बोलतो, असं त्या म्हणायच्या.

कागदावरही बोलतो, हे पौर्णिमाला पहिल्याच दिवशी दिसलं. तासभर बाकाखाली रील पाहणाऱ्या पोरांनी ‘दिवसातून किती वेळ?’ पुढे ‘अर्धा तास’ लिहिलं. वर्गातल्या जिनेशनं फॉर्म भरता भरता दोनदा फोन पाहिला, ‘झोपेवर परिणाम होतो का?’ पुढे ‘नाही’ लिहिलं आणि मोठी जांभई दिली. शेवटी मोकळी जागा होती, ‘आणखी काही सांगायचे असल्यास’. तिथं एकानं लिहिलं, ‘हॉस्टेलचा वायफाय सुधारा.’

पौर्णिमानं स्वतःचाही फॉर्म भरला. ‘अभ्यासापुरता वापर’ असं लिहिलं. खरं म्हणजे मेसमधून जेवून आली की ती रोज खोलीवर पडून खुशबूचं पान उघडायची.

खुशबू तिच्या वर्गातली. पहिल्या वर्षी दोघी एका बाकावर बसायच्या, एकमेकींच्या वह्या उतरवायच्या. मग खुशबूचे वडील केशरीचंद सेठ यांनी आपल्या साड्यांच्या दुकानासाठी पोरीचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली आणि बघता बघता तिला तीस हजार लोक पाहू लागले. रोज नवी साडी, रोज नवं हसू. केनवडच्या, रिसोडच्या बाया दुकानात येऊन फोन पुढे धरायच्या, “हे हिच्या अंगावरची पायजे.” खुशबू आता वर्गात महिन्यातून एखाद-दोनदाच दिसायची. पौर्णिमा फोनवर ते हसू पाहायची, मग खोलीतल्या आरशात स्वतःला पाहायची, आणि संध्याकाळपर्यंत तिचं मन कशातच लागायचं नाही.

तिनं स्वतः एकच फोटो टाकला होता. आईचा हात मोडला होता तेव्हा बाबा, देवमन, ओट्यावर बसून पौर्णिमाचे केस विंचरत होते. भावानं, रवीनं, तो काढलेला. त्रेचाळीस जणांना आवडला. खुशबूला नाही. हे पौर्णिमा सहा महिने विसरली नव्हती.

विभागाच्या खोलीत बसून ती फॉर्मवर नंबर टाकत होती. सत्त्याऐंशीव्या फॉर्मवर तिचा हात थांबला. शेवटच्या मोकळ्या जागेत लिहिलं होतं, ‘व्हिडिओतली मी सगळ्यांना हवी असते. माझी कोणालाच गरज नाही. मी नसले तरी कोणाला फरक पडणार नाही, असं रोज वाटतं.’

अनुस्वाराचं टिंब नव्हतं, बारीकसा गोल होता. दोन वर्षांत असा गोल काढणारी एकच वही पौर्णिमानं उतरवली होती.

ती फॉर्म घेऊन मॅडमकडे गेली. मॅडमनी वाचला आणि चष्मा काढला.

“हस्ताक्षर ओळखलंस? मला नाव सांगू नकोस. निनावी म्हणजे निनावी. संशोधनाची काही नीतिमत्ता असते, पौर्णिमा.”

“पण मॅडम, तिला त्रास होत असंल तर?”

“म्हणून तर आपण हा विषय घेतलाय ना!” मॅडम म्हणाल्या. “शिवाय असं टोकाचं एक उत्तर आलं की सरासरी बिघडते. तो बाजूला ठेव, दुसऱ्या कोणाकडून एक भरून घे.”

मॅडम वाईट नव्हत्या. चर्चासत्र चार दिवसांवर आलं होतं. पौर्णिमानं कॅन्टीनमध्ये बसलेल्या अश्वजितकडून एक फॉर्म भरून घेतला. त्यानं चहा संपायच्या आत सगळीकडे ‘उत्तम’ वर खूण केली. शंभर पूर्ण झाले.

सत्त्याऐंशी नंबरचा फॉर्म मात्र तिनं दप्तरात ठेवला आणि सरळ पाटणी चौकातल्या सेठच्या दुकानाकडे निघाली.

केशरीचंद सेठ गादीवर बसून गिऱ्हाइकांना कालच्या व्हिडिओखालचं वाचून दाखवत होते. “हे पाहा, ‘गाल किती सुजले, कमी खा पोरी.’ हे बेनं पुसदचं हाय!” ते खो खो हसले. “अरे, कमेंट म्हणजे कमेंट. नावं ठेवली तरी माल तं पाह्यला ना!” पौर्णिमा दिसताच त्यांनी हाक मारली, “ये बाई, वर हाय तुही मैत्रीण. भेट तिले.”

वरच्या माळ्यावर साड्यांच्या खोक्यांमध्ये खुशबू मोरपंखी साडी नेसून बसली होती. पौर्णिमाला पाहताच ती हसली. अगदी व्हिडिओतलं हसू.

“खुशबू, सत्त्याऐंशी नंबरचा फॉर्म तुहा हाय ना?”

“कोणता फॉर्म?” हसू तसंच.

पौर्णिमानं कागद पुढे केला. “टिंबाच्या जागी गोल तूच काढते.”

खुशबूनं कागद घेतला नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, आणि मग एकाएकी ते हसू गेलं.

“जेवण गळ्याखाली उतरत नाई मले. दोन महिने झाले. तेच तेच वाचत राह्यते, कोण काय बोललं. व्हिडिओ चालला तं बाबूजी खूश, नाई चालला तं दिवसभर घरात कोणी बोलत नाई.”

पौर्णिमाला धीराचं काही बोलायचं होतं. तोंडून भलतंच निघालं. “मले तं वाटे, तू मजेत हायेस. माह्या एका फोटोले बी लाइक नाई केलं तू.” बोलून झाल्यावर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तुहे बाबा केस विंचरून राह्यले तो?” खुशबूनं नाक पुसलं. “दहादा पाह्यला. मंग फोनवर तुलेच बंद करून टाकलं, पाहावत नव्हतं मले. माह्या बाबूजीनं डोक्यावर हात ठेवला तं व्हिडिओतच. अन् तो बी चार वेळा, नीट येत नव्हता म्हून.”

हसू आलं ते पौर्णिमाला आधी. मग खुशबू हसली, वेडंवाकडं, नाक ओढत, आणि हसता हसता पुन्हा रडली. पौर्णिमा तिचा हात धरून बसली. वर्गात एकदा मॅडमनीच सांगितलं होतं, सरकारी दवाखान्यात समुपदेशक ताई बसतात म्हणून. “सोबत जाऊ,” ती म्हणाली. “पण काकूंले सांगू पहिले.”

खुशबूची आई, कंचनबाई, स्वयंपाकघरात होती. “काय झालं इले? चांगली हसते-खेळते पोरगी!” तिनं हात झटकला. पौर्णिमानं फॉर्म पुढे ठेवला. कंचनबाईनं तो दोनदा वाचला, गॅस बंद केला आणि खुंटीवरची पिशवी घेतली.

दवाखान्यातल्या बाकावर तिघी नंबराची वाट पाहत बसल्या असताना एक बाई नातवाला कडेवर घेऊन पुढे आली. “तुमीच ना वं त्या साडीवाल्या? एक फोटो काढू द्या ना!” खुशबूचा चेहरा आपोआप उजळला, मान कलली, दात दिसले. फोटो निघाला. बाई वळली आणि चेहरा विझला. कंचनबाई अगदी शेजारीच होती. आपली लेक हसते कशी आणि हसणं थांबवते कशी, हे तिनं एवढ्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. तिनं खुशबूचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.

ताईंनी तासभर ऐकलं, डॉक्टरांनाही दाखवलं, दर गुरुवारी यायला सांगितलं आणि तीन महिने कॅमेरा बंद ठेवायला लावला.

इकडे मॅडमचा पेपर झाला. ‘बहुतांश विद्यार्थ्यांचे स्वास्थ्य समाधानकारक’ असा निष्कर्ष निघाला, त्याला दुसरं बक्षीस मिळालं. मॅडमनी पौर्णिमासोबतचा फोटो टाकला. तीनशे जणांना आवडला. पौर्णिमानं तो एकदाच पाहिला; त्या दिवशी गुरुवार होता, दवाखान्यात जायचं होतं.

लेकीचा कॅमेरा बंद म्हटल्यावर केशरीचंद सेठनी आरडाओरडा केला नाही. “ठीक हाय, आता मीच करतो,” म्हणाले, आणि खरंच छप्पन्नाव्या वर्षी खांद्यावर पैठणीचा पदर टाकून कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. लोकांना ते फारच आवडलं. नव्वद हजारांनी पाहिलं. सेठ जेवताना फोन पाहू लागले, मंदिरातून निघताना पाहू लागले. मग कोणीतरी खाली लिहिलं, ‘सेठ, साडीपेक्षा पोटच जास्त दिसून राह्यलं.’ चारशे लोक त्यावर हसले.

दोन दिवसांनी पौर्णिमा दुपारी दुकानात गेली तेव्हा सेठ गादीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. डबा तसाच. खुशबू खाली उतरली. ती आता थोडी भरली होती अंगानं, डोळ्यांखालचं काळं कमी झालेलं. ती बापाजवळ गादीच्या काठावर टेकली आणि डबा उघडला.

“दोन घास खा, बाबूजी.”

“भूक नाई. चारशे लोक हसले, पोरी. वळखीचे हायेत त्यात.” ते तिच्याकडे वळले. “तुले बी असंच होत होतं का वं?”

“हो.”

“किती दिवस?”

“वर्षभर.”

दारात एक गिऱ्हाईक चपला काढत होतं. सेठनी त्याला हातानंच थांबायची खूण केली, गादीवर थोडे सरकले आणि लेकीला जागा करून दिली.