राजेशची चढती लय

नवरा पंचेचाळिसाव्या वर्षी गिटार शिकू लागला की बायकोने सरळ माहेरी जावं. माझं माहेर समोरच्याच बिल्डिंगमध्ये आहे. तिथेही ऐकू येतं.

राजेशने मोबाईलवर बघून स्ट्रमिंग शिकायला घेतलं. तारांवर हात खाली, खाली, वर, वर, खाली, वर. चार कॉर्ड जमल्या असं त्याचं म्हणणं. खरी गोम होती उजव्या हातात. आमच्या घाटकोपरच्या सोसायटीत वीस वर्षं गणपतीच्या आरतीला झांज तोच वाजवतो, आणि आरती काही सुरू झाली त्या लयीत संपत नाही. गिटारवरही तेच. सुरुवात सावकाश, मग हात सुटला की सुटला.

घरापुरतं असतं तर मी कानात कापूस घातला असता. पण यंदा गणपतीत आमची चौदा वर्षांची श्रुतिका पहिल्यांदाच स्टेजवर एकटी गाणार होती. संथ, हळवं गाणं, दोन महिने घोटलेलं. राजेशने गिटारच्या साथीला परस्पर स्वतःचं नाव देऊन टाकलं.

"आई, तू सांग ना बाबांना. मी ट्रॅकवर गाते."

"अगं, एवढ्या हौसेने शिकलेत. वाईट वाटेल त्यांना. घे सांभाळून."

"आणि मला?"

मी भाजी परतत राहिले.

स्टेजवर पहिलं कडवं नीट गेलं. पोरीचा आवाज असा लागला की मागच्या रांगेतल्या गप्पा थांबल्या. माझा ऊर भरून आला. दुसऱ्या कडव्याला राजेशचा हात सुटला. श्रुतिका मागे धावली, शब्द गिळले, श्वास पुरेना. लोकांना ती लय पाठच. सवयीने सगळे उभे राहिले, टाळ्यांचा ठेका धरला. पहिल्या रांगेतल्या दोघी तर हात जोडून स्वतःभोवती गिरकी घेऊन मोकळ्या झाल्या. श्रुतिकाने माईक खाली केला. डोळे मिटलेल्या राजेशला त्याचा पत्ताच नाही. तो एकटाच वाजवत राहिला.

संपल्यावर सेक्रेटरी शरच्चंद्र काकांनी शाल आणि नारळ दिला, तो राजेशला. घामाने निथळत त्याने माईक घेतला.

"थँक यू. पोरीनेही बरी साथ दिली."

श्रुतिका माझ्याकडे बघत होती. माझे हात अजून टाळ्या वाजवत होते.